ते वाक्य चित्रकाराला द्या

प्रश्न : ताई, मी 46 वर्षांची. नोकरी फोर्टमध्ये, राहायला मुलुंडला. बरीच वर्षं कथा लिहिते, काही दिवाळी अंकांत आल्या आहेत. मागच्या दिवाळीला एका अंकात माझ्या कथेला पानभर चित्र होतं. ते बघितलं आणि मी माझीच कथा परक्या माणसासारखी वाचली. तेव्हापासून सचित्र कथांचं वेडच लागलंय. जुने अंक, मुलांची चित्रांची पुस्तकं, दिसेल ते घेऊन येते. आता डोक्यात कथा येते तीच चित्रासकट. पण मला चित्र काढता येत नाही. आमच्या दादरच्या लेखनगटात हे बोलले, तर म्हणाले, चित्रं म्हणजे लेखकाच्या कुबड्या, शब्द कमी पडले की लागतात. एकाने सांगितलं, एआयकडून काढून घे, फुकटात होईल. मी काय करू? चित्रकला शिकू, चित्रकार शोधू, की हे खूळ सोडून देऊ? सोबत नवी कथा पाठवतेय.
– मुलुंडची कथालेखिका

उत्तर : खूळ सोडू नका. कथा मात्र निम्मी कापा.

बाकीच्या वाचकांसाठी कथा थोडक्यात सांगते. 1990 च्या आसपासची मुंबई, नायगावची एक खोली, आणि बेस्टच्या वडाळा डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर भाऊ. नोकरी संपताना भाऊंनी आपला पंच, म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, हरवला म्हणून सांगितलं, मुकाट्याने दंड भरला आणि पंच घरी ठेवून घेतला. रोज पहाटे उठून ते कॅलेंडरवरच्या त्या दिवसाच्या तारखेला भोक पाडतात. घरात कुणालाच पत्ता नाही. शेवटी नातीला कळतं.

कथा चांगली आहे. भाऊ खरे वाटतात. पण सचित्र कथा म्हणून ती आज उभी राहणार नाही, कारण चित्रकाराला करायला तुम्ही काही शिल्लकच ठेवलेलं नाही. खोलीतली प्रत्येक वस्तू, तिचा रंग, तिची जागा, सगळं तुम्हीच लिहून टाकलंय. मग चित्रकार तेच पुन्हा काढणार आणि वाचक एकच गोष्ट दोनदा वाचणार.

त्याआधी तुमच्या गटाचा समाचार घेते. कुबड्या म्हणे! ज्या मराठी कथेचे ही मंडळी गोडवे गातात, ती वाढली कुठे? मासिकांत आणि दिवाळी अंकांत. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक 1909 चा. पुढे 1945 मध्ये दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केला. अंक काढणारा माणूसच चित्रकार, आणि त्यात लिहायला नामवंत कथाकार तयार. दलाल, मुळगावकर यांची चित्रं लोक अंकातून कापून भिंतीवर लावत. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली वसंत सरवट्यांची चित्रं काढून टाका असं त्या गटातल्या कुणाला सुचवून बघा. तेव्हा कुणाला कुबड्या आठवणार नाहीत.

बाहेरच्या मुलुखातही हेच. शेरलॉक होम्स म्हटलं की ती कानांवर पट्ट्या असलेली टोपी डोळ्यांसमोर येते ना? कॉनन डॉयलनं एका कथेत लिहिली होती नुसती घट्ट बसणारी कापडी टोपी. ही शिकाऱ्याची टोपी 1891 मध्ये 'स्ट्रँड' मासिकात सिडनी पॅजेट या चित्रकारानं त्याच्या डोक्यावर ठेवली आणि ती कायमची तिथेच बसली. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधल्या अ‍ॅलिसची हकिगत तर याहून मजेशीर आहे. दुसऱ्या पुस्तकासाठी लुईस कॅरलनं विग घातलेल्या गांधीलमाशीचा एक प्रसंग लिहिला होता. चित्रकार जॉन टेनिएलनं कळवलं की हा प्रसंग मला अजिबात रुचत नाही आणि याचं चित्र कसं करावं तेही दिसत नाही. कॅरलनं प्रसंग काढून टाकला. 1871 च्या अखेरीस पुस्तक आलं ते गांधीलमाशीशिवाय. चित्रकाराचं ऐकून लेखकानं कात्री लावली, आणि पुस्तकाचं काही बिघडलं नाही.

तुमच्या गटाचा ग्रह असा का झाला, तेही मला ठाऊक आहे. आजकाल पुष्कळ ठिकाणी कथा चित्रकारापर्यंत पोचतच नाही. अंकाची पानं लागत आलेली असतात, घाईघाईत फोन जातो, "सासू-सून आहे, जरा गंभीर करा, दोन कॉलम." मग खिडकीत बसलेली बाई येते. मराठी कथांसोबतच्या चित्रांत खिडकीत बसलेल्या बायका मोजायच्या म्हटल्या तर जनगणना खात्याला सांगावं लागेल. असली चित्रं बघून कुणी म्हणालं की यांची गरज काय, तर त्याला मी दोष देणार नाही. तुमच्या नशिबी कथा वाचून चित्र काढणारा माणूस आला म्हणून तुम्ही वेड्या झालात.

आता तुमच्या कथेकडे. सुरुवातीचाच परिच्छेद घेते :

"दाराच्या डाव्या हाताला खुंटी होती. खुंटीवर खाकी शर्ट, त्याची इस्त्री अजून मोडली नव्हती. शर्टाच्या खिशाला पितळी बिल्ला. खाली जुना स्टूल, स्टुलावर पितळेचा तांब्या. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड कॅलेंडरवर पडला होता. भाऊ खाटेवर उठून बसले. नोकरी सुटून दोन वर्षं झाली, तरी त्यांना पहाटे चारला जाग यायची."

पेन्सिल घ्या आणि जे जे काढता येईल त्याखाली रेघ मारा. खुंटी, शर्ट, बिल्ला, स्टूल, तांब्या, उजेड, कॅलेंडर, खाटेवरचे भाऊ. मोकळं राहतं एकच वाक्य, शेवटचं. "दोन वर्षं झाली" हे काढता येत नाही. "जाग यायची" हेही नाही. जाग आली, हे एखादा चित्रकार दाखवेल. रोज यायची, हे दाखवायला त्याच्याकडे काही नाही. चित्रात असतो तो एक क्षण. सवय, नकार, कालावधी, आवाज, वास हे सगळं तुमच्या वाट्याचं. "त्या दिवशी मुलगा आला नाही" याचं चित्र होत नाही, नुसतं रिकामं दार होतं, आणि रिकाम्या दाराचा अर्थ काहीही असू शकतो. पंचचा तो टिकटिक आवाज, गर्दीत पुढे सरका म्हणून कंडक्टर तिकिटं न फाडताच वाजवायचे तो, तुमच्या कथेत कुठेच नाही याचं मला नवल वाटलं. शर्टाच्या इस्त्रीवर खर्च केलेले शब्द तिथे लावा.

म्हणजे तुमच्या पहिल्या पानावर मजकूर राहील एवढाच : "नोकरी सुटून दोन वर्षं झाली, तरी भाऊंना पहाटे चारला जाग यायची." बाकीचं पान चित्रकाराचं. खुंटी डावीकडे की उजवीकडे, हे त्याचं तो बघेल.

इथवर निव्वळ काटछाट झाली. खरी गंमत पुढे आहे. तुमच्या कथेत सून विचारते, "तो पंच कुठे असतो हो तुमचा?" आणि भाऊ म्हणतात, "केव्हाच डेपोत जमा केला." त्यानंतर तुम्ही अख्खं पान खर्चून समजावता की भाऊ खोटं बोलत होते, का बोलत होते, पंच कुठे दडवला होता. ते पान संपूर्ण काढा. भाऊंचं वाक्य ठेवा. आणि त्याच्या पुढच्या चित्रात भोकं पडलेल्या तारखा दिसू द्या. मजकुरात त्यांचा उल्लेखही नको. शब्द भाऊंच्या बाजूने खोटं बोलतील, चित्र खरं सांगेल, आणि दोन्हींच्या मधे वाचक एकटा सापडेल. साध्या कथेत हे करता येत नाही असं नाही, पण तिथे तुम्हाला कुणाच्या तरी तोंडून किंवा निवेदकाकडून ते वदवावं लागतं. इथे कुणीच काही बोलत नाही.

कॅलेंडरची एक अडचण मात्र आहे. तुमचे भाऊ भिंतीवरच्या महिन्याच्या कॅलेंडरवर तारखेला भोक पाडतात. तिकिटाच्या पंचचं तोंड आठवून बघा. ते तिकिटाच्या काठापुरतं असतं. महिन्याच्या पानाच्या मध्यावरची 14 तारीख त्याच्या तोंडात येणारच नाही. लिहिताना हे तुमच्या लक्षात आलं नाही, वाचताना माझ्याही लगेच आलं नसतं, पण चित्रकार पहिल्याच कच्च्या रेखाटनाला अडेल. भाऊंचा हात कुठे, पंच कुठे, तारीख कुठे, हे त्याला कागदावर जुळवावं लागतं. तेव्हा कॅलेंडर बदला. रोज एक पान फाडायचं ते जाडजूड छोटं कॅलेंडर असतं ना, ते घ्या. भाऊ पान फाडतात, पंच करतात आणि ठेवून देतात. अशा पानांची रबरबँड लावलेली गड्डी कोनाड्यात ठेवलीत, तर ती थेट तिकिटांच्या गड्डीसारखी दिसेल. हे "तिकिटांसारखी" कथेत लिहू नका हं. वाचकाला बघू द्या.

चित्रकला शिकू का, या प्रश्नाचं उत्तर : हौस असेल तर जरूर शिका, पण या कामासाठी नको. स्वतःच्या कथांची चित्रं स्वतः काढणारे लेखक झाले आहेत. सत्यजित राय 1961 मध्ये 'संदेश' हे बंगाली मासिक पुन्हा सुरू झाल्यावर त्यातल्या आपल्या कथांना स्वतःच चित्रं काढत. रडयार्ड किपलिंगनं 1902 साली मुलांसाठीच्या गोष्टींचं पुस्तक काढलं, त्यातली चित्रं त्याची स्वतःची. त्याचा जन्म 1865 चा, आपल्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. वडील तिथे शिकवत. त्या पुस्तकात प्रत्येक चित्राशेजारी त्यानं लांबलचक टिपणं लिहिली आहेत. गोष्टीत नसलेल्या उचापती त्या टिपणांत चालू असतात. हे टिपणांचं तंत्र मात्र तुम्ही उचलण्यासारखं आहे, त्याला चित्र काढता यावं लागत नाही. पण राय जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून मुरलेले होते आणि किपलिंग चित्रकलेच्याच घरात वाढला. तुम्ही 46 व्या वर्षी मुलुंड ते फोर्ट करून रात्री माणसाच्या हाताची पाच बोटं गिरवत बसलात, तर दोन वर्षांनी बोटं जमतील आणि कथा लिहिणं तेवढं राहून जाईल.

त्याऐवजी डमी करायला शिका. ए-फोरचे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. 16 पानांची वही झाली. छापखान्यात एका मोठ्या कागदावर एकदम छापलेल्या पानांच्या घडीला फर्मा म्हणतात, तोही बहुधा 16 पानांचाच. त्यात कथा वाटून लिहा, आणि चित्राच्या जागी नुसत्या काड्यांची माणसं काढा. गोल डोकं, दोन रेघा हात, दोन रेघा पाय. खाटेला चौकोन. कुणाला दाखवायचं नाहीये. डमीत कळतं ते हस्तलिखितात कधीच कळत नाही : पान कुठे उलटतं. विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं, ते उलटल्यावर सम पान समोर येतं. म्हणून दडवायची गोष्ट उजव्या पानाच्या तळाला संपवायची आणि उघडं पाडायचं ते उलटल्यावर. "केव्हाच डेपोत जमा केला" हे सातव्या पानाच्या शेवटी ठेवून बघा. आठ-नऊ ही जोडपानं पूर्ण चित्राची, शब्द एकही नाही : पहाटेची अंधारी खोली, कोनाडा, ती गड्डी. मराठी वाचकाला पान उलटण्याची गंमत शिकवावी लागत नाही. 'आवाज'च्या अंकातली खिडकीचित्रं त्यानं पाहिलेली आहेत. कापलेल्या खिडकीतून भलतंच काही दिसतं आणि पान उलटलं की अगदी साळसूद प्रकार निघतो.

एवढं केलंत की कथेचा सांगाडाच बदलतो, हेही लक्षात घ्या. तुम्ही गुपित शेवटाला फोडलं होतं. आता ते निम्म्यावरच वाचकाला कळलंय आणि घरच्यांना कळलेलं नाही. पुढची सात पानं वाचक जीव मुठीत धरून बसणार की नातीचा हात कोनाड्याकडे जातोय की काय. माझ्या मते ही जास्त चांगली कथा आहे.

एआयचं विचारलंत. कुणी वापरावं, न वापरावं यावर मी प्रवचन देणार नाही. तुमच्या कामापुरतं सांगते. त्या यंत्राला तुम्ही शब्दांत सांगणार, "नायगावची खोली, खुंटीवर खाकी शर्ट", आणि ते तेवढंच काढून देणार. म्हणजे आपण आत्ता जे कापलं तेच मागच्या दाराने परत आलं. वर शर्ट कुठल्या तरी पोलिसाचा येईल. तुम्हाला हवा आहे टेनिएलसारखा नाही म्हणणारा माणूस, किंवा निदान "बाई, पंच इथवर पोचत नाही" असं सांगणारा.

तो माणूस मिळतो कुठे? तुम्ही फोर्टात काम करता, सीएसएमटीला गाडी पकडता, जे. जे. वाटेवरच आहे. उपयोजित कलेच्या, म्हणजे कमर्शियल आर्टच्या, विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन लागलं की जाऊन या. प्रभादेवीच्या रचना संसदेतही उपयोजित कला शिकवतात. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांशी बोला. रंगकामावर भाळू नका, वही मागा. रेखाटनांच्या वहीत लोकलमध्ये पेंगणारी, स्टेशनवर उभी असलेली माणसं भराभर पकडलेली असतील तर तो तुमच्या कामाचा. ज्याच्या वहीत सगळे चेहरे समोरून आणि सगळे सुंदर, त्याला नमस्कार करून निघा. आणि निवडलात की त्याला कथा पूर्ण द्या, वाचायला वेळ द्या, आणि काय काढायचं ते सांगू नका. तुमची काड्यांची डमीसुद्धा आधी दाखवू नका. त्याची कच्ची चित्रं आली की मग दोन्ही शेजारी ठेवून भांडा.

पैशांचं सुरुवातीलाच बोला. "आधी अंकात येऊ दे, मग बघू" हे चित्रकारांनी इतक्यांदा ऐकलंय की तुमच्या तोंडून नको. मानधन किती, किती चित्रं, किती वेळा बदल, मूळ चित्रं कुणाकडे राहणार, नाव कुठे छापणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तुम्हाला उद्या पुस्तक काढायचं असेल, कुणी हिंदीत करायचं म्हणेल, तर हे आजच लिहून ठेवलेलं बरं. चित्रकाराचं नाव कथेच्या नावाखाली, तुमच्या नावाइतक्याच ठळक टायपात घ्या. संपादक कुरकुर करतील. करू देत.

पहिली कथा एका रंगात, रेषेची करा. अंकाचा बराच भाग साध्या कागदावर काळ्या शाईत छापला जातो, तिथे पेन्सिलीच्या फिक्या छटा मरतात, शाईची रेघ तरते. रेषाचित्र स्कॅन करताना निदान 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) करा, नाहीतर छापून आल्यावर रेघेला दाते पडलेले दिसतात.

जुने अंक तुम्ही आणताच आहात, फोर्टातल्या फुटपाथवर काय काय मिळतं ते मला सांगायला नको. पण सलग बघायचे असतील तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग नायगावातच आहे. तुमच्या भाऊंचाच परिसर. संस्था 1898 पासूनची. दोन-तीन शनिवार काढून जुनी मासिकं चाळा आणि एकच गोष्ट टिपा : चित्रात असं काय आहे जे कथेत लिहिलेलं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, तेही बघा. मुलांचं म्हणून नाक मुरडू नका. मुलांसाठी काढताना चित्रकाराला झोपा काढून चालत नाही, पोरं लगेच पकडतात.

गटात परत जाल तेव्हा वाद घालू नका. डमी न्या आणि सातवं पान त्यांच्यापैकी कुणाला तरी उलटायला सांगा.

आणि हो, कथेचं नाव. तुम्ही ते 'पंच' ठेवलंय. शीर्षकातच पंच दिलात तर कोनाड्यातली गड्डी बघून वाचक म्हणेल, हां, हे होणारच होतं. नाव सगळ्यात शेवटी ठेवा, डमी झाल्यावर, आणि जमलं तर चित्रकारालाच विचारून.